बिनगुळाचा पाला

आमच्या घरी पाडव्याला कडुलिंब दोन थाळ्यांत असायचा. एका थाळीत गूळ, जिरं, हिंग, ओवा घालून वाटलेल्या गोळ्या. दुसऱ्या थाळीत नुसता पाला, धुतलेला, देठासकट. गोळी कोणाला आणि पाला कोणाला, हे बाबांच्या वहीवरून ठरायचं. हल्ली एक जानेवारी आली की जो तो एकमेकाला विचारत सुटतो, "मग, यंदा काय संकल्प?" मला कोणी विचारलं की जिभेच्या मुळाशी ती चव येते आणि मी त्या माणसावर खेकसते. बाई तिरसट आहे म्हणतात मला. आहेच. कशाने झाली ते सांगते.

बाबा सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आम्ही राहायचो नंदनवनकडे. तेव्हा तिकडे चार घरं आणि बाकी मोकळं रान. वारा रुळांकडून असला की छोट्या गाडीची शिट्टी आमच्या अंगणात ऐकू यायची. ही छोटी गाडी इतवारीहून निघून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जायची. भिवापूर हे माझ्या आईचं माहेर. हे मुद्दाम आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्या गाडीवरच आहे.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली, नैवेद्य झाला की बाबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसत. समोर स्टुलावर वही. लाल कापडी पाठीची, जाड, कचेरीतल्या रजिस्टरसारखी. तिच्यात आम्हा भावंडांची पानं होती. पानावर एका वाक्यात वर्षाचा संकल्प, खाली बाबांची सही, आणि त्याखाली एक रिकामी चौकट. पुढच्या पाडव्याला त्या चौकटीत शेरा पडायचा. पूर्ण, नाहीतर अपूर्ण. मधलं काही नाही. पूर्ण झाला त्याला गुळाची गोळी आणि गळ्यात साखरेची गाठी. अपूर्ण राहिला त्याला मूठभर पाला. मूठ बाबांची. तो सगळ्यांसमोर उभं राहून चावायचा, आणि शेवटचं पान गिळेपर्यंत पाणी नाही.

माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणायचे. बिचाऱ्याच्या वाट्याला दरवर्षी पालाच यायचा. एका वर्षी त्याने "नखं खाणार नाही" असं लिहिलं. वर्षाने बाबांनी त्याचा हात उजेडात धरून एकेक बोट पाहिलं. एका वर्षी "पहाटे पाचला उठेन" लिहिलं आणि थंडीत चार दिवस चुकला. त्या पाडव्याला पाला चावता चावता तो ओकला. बाबांनी त्यालाच फडकं आणायला लावलं, पुसायला लावलं, आणि पुन्हा एक मूठ भरून पुढे केली.

"पहिली मोजल्या नाही गेली," म्हणाले.

मी हसले होते. खोटं कशाला सांगू? मला मजा यायची. गळ्यात गाठी घालून, तोंडात गोळी घोळवत मी त्याच्याकडे पाहत राहायचे. मी बाबांची लाडकी होते आणि पक्की लबाड होते. मी असेच संकल्प करायचे, जे झोपेत पण पुरे होतील. "रोज एक पान शुद्धलेखन लिहीन." "जेवताना बोलणार नाही." अक्षर चांगलं म्हणून चौथीपासून वही माझ्याकडे आली. बाबा सांगायचे, मी लिहायचे. चौकटीतला शेरा पण मीच लिहायचे. निळी पेन्सिल पूर्णला, लाल अपूर्णला.

दादाने एकदा विचारलं होतं, "बाबा, तुमचं पान कुठे आहे?"

"तपासणाऱ्याचं पान नसते बे, भैताड," बाबा म्हणाले, आणि त्या वर्षी त्याला दोन मुठी मिळाल्या.

आईचंही पान नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती झाडावरून पाला तोडून आणायची, पाट्यावर वाटायची, दोन्ही थाळ्या भरून दाराशी ठेवायची आणि पुरण वाटायला आत निघून जायची.

एका पाडव्याला मामा भिवापूरहून आला होता. भला माणूस, मिरच्यांची शेती, मोठ्याने हसायचा. त्याने हा सगळा प्रकार पाहिला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा भाऊजी! घरात बी हापिस लावून राहिले का?" दादा हसला. आत आई पण हसली असावी. बाबा हसले नाहीत. मामाला त्यांनी व्यवस्थित जेवायला घातलं, फाटकापर्यंत सोडून आले, आणि त्या दिवसापासून आईचं माहेर बंद झालं. जाऊ नकोस असं कधी म्हणाले नाहीत हो. तसं म्हणणारा माणूस परवडला. दर खेपेला काहीतरी निघायचंच. अशी चार वर्षं गेली. तोवर भिवापूरची आजी दोन्ही डोळ्यांनी अधू झाली आणि खाटेला लागली.

मी सहावीत होते त्या पाडव्याची गोष्ट. दादाचा पाला झाला, माझी गाठी झाली, नवे संकल्प लिहून झाले. माझा होता: "वर्षभर एकही दिवस शाळा बुडवणार नाही." मी वही मिटणार इतक्यात आई पदराला हात पुसत दारात आली.

"माह्यं बी लिही," म्हणाली.

बाबांनी चष्मा वर केला. "तुहं? तुले कायचा संकल्प वं?"

"यंदा भिवापूरले जाऊन माह्या आईले भेटून येईन. एक दिवस का होईना."

तिने हे पाठ करून ठेवलं असणार, कारण एका दमात म्हणाली. तिचा विचार काय होता ते मला फार उशिरा कळलं. बाबांना वहीचा भारी अभिमान. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "आमच्या घरात लिहिलं ते होते." तिला वाटलं, एकदा का वहीत उतरलं आणि खाली त्यांची सही पडली, की त्यांनाच ते पुरं करून द्यावं लागेल. चार वर्षं तोंडाने मागून मिळालं नाही, ते कागदावर बांधून घेऊ. माझी आई साधी होती, पण मूर्ख नव्हती. तिने फक्त एवढंच हिशेबात धरलं नाही की संकल्प पुरा झाला काय आणि अधुरा राहिला काय, बाबांना दोन्ही सारखंच. त्यांना शेरा द्यायला मिळाला की झालं.

बाबा खूश झाले. खरंच खूश झाले. "लिही," मला म्हणाले. "नवीन पान काढ. शब्दशः लिही."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. आई वाकून त्या सहीकडे पाहत होती. तिला वाचता यायचं जेमतेम, पण सही ओळखू यायची. त्या दिवशी तिने पुरणपोळीवर तूप जरा जास्तच वाढलं.

उन्हाळा लागला. शाळेला सुट्टी होती, दादा घरी, मी घरी. आईने विचारलं, "आता जाऊन येऊ का?"

"विचारून काय राहिली? संकल्प तुहा आहे," बाबा म्हणाले. "मी काही अडवून नाही राहिलो. पण तोंडी नाही चालत. अर्ज दे."

आम्हाला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. आईच्या पानाच्या पाठीमागे मी अर्ज लिहिला. "अर्जदार यांना भिवापूर येथे जाण्याकरिता दोन दिवसांची परवानगी मिळावी." सकाळची गाडी, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. आईने खाली नाव काढलं, एकेक अक्षर थांबत थांबत. बाबांनी अर्ज दोन दिवस ठेवून घेतला. मग मला बसवून सांगितलं, "लिही. सध्या अडचण. पुन्हा सादर करावा."

अडचण कोणती? खसच्या टट्टीवर, म्हणजे खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या पडद्यावर, दुपारी पाणी कोण मारणार. घरात आम्ही दोन धडधाकट पोट्टे बसलेलो होतो, तरी ही अडचण.

दुसरा अर्ज भाऊबीजेचा. त्या दिवशी बाबांनी साहेबांना जेवायला बोलावून ठेवलं. भाऊबीजेच्या दिवशी! सध्या अडचण, पुन्हा सादर करावा. आईने पाटवड्या केल्या, साहेबांनी तीनदा मागून घेतल्या, आणि बाबा म्हणाले, "हिच्या हातालेच चव आहे साहेब."

सरळ निघून का गेली नाही, असं आज माझ्या वयाच्या बायका मला विचारतात. विचारणं सोपं आहे. त्यांनी बाबांना पाहिलं नव्हतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी भात कालवता कालवता, आवाज न चढवता सांगून टाकलं होतं, "मंजुरी नसताना गेली, तर तिकडेच राह्यजो." दादाने घास खाली ठेवला. आईने त्याला खुणेने जेवायला सांगितलं.

मग ते कार्ड आलं. संक्रांत होऊन आठेक दिवस झाले होते. मामाचं पोस्टकार्ड, मीच वाचून दाखवलं. आईची तब्येत फार उतरली आहे, अन्न जात नाही, सारखं तुझं नाव घेते, जमेल तसं लवकर ये. आई भिंतीला टेकून ऐकत होती. माझं वाचून झालं तर म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग तिने ट्रंक उघडून एक लुगडं काढलं, पिशवीत तिळाचे लाडू भरले, आणि मला म्हणाली, "अर्ज लिही. शनिवार-रविवारचा लिही."

शुक्रवारी संध्याकाळी बाबा घरी आले. त्यांनी कार्ड वाचलं, अर्ज वाचला. चहा पिऊन झाला. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं, पाडव्याला बोलावत तसं.

"उद्या शनिवार आहे," ते म्हणाले. "मले हापिस आहे. मी काय उपाशी जाऊ?"

"पोळ्या करून ठेवतो ना सकाळी," आई म्हणाली. "निघायच्या आधी समद्या करून ठेवतो."

"थंड्या पोळ्या मी खात नाही, हे तुले माहीत आहे. पोट्टी घरी राहून करंल तर जाय. माह्यी हरकत नाही." आणि मग ते माझ्याकडे वळले. इतक्या लाडाने माझ्याशी ते एरवी पण बोलायचे नाहीत. "पण हिचा संकल्प काय आहे? वाच बरं."

मी वाचलं. वर्षभर एकही दिवस शाळा बुडवणार नाही.

"किती दिवस बुडाले आतापर्यंत?"

"एकही नाही, बाबा."

"मंग तूच सांग. दोन संकल्प आहेत. एक तुहा, एक तुह्या आईचा. उद्या घरी राह्यतं का?"

दादा पटकन म्हणाला, "मी राहतो. मी करतो पोळ्या."

"तुले कोणी विचारलं बे?"

 पिशवी दाराशी होती, तिच्या तोंडातून लुगड्याचा काठ दिसत होता. आई माझ्याकडे पाहत होती. हुकूम नाही, विनवणी नाही, नुसती पाहत होती, कारण तिला खात्रीच होती. एक शनिवार. शनिवारी सकाळची अर्धी शाळा, त्यात एक तास कवायतीचा आणि एक चित्रकलेचा. मी अकरा वर्षांची होते, म्हणजे समजत नव्हतं असं नाही. सगळं समजत होतं. पण मला पाल्याची थाळी दिसत होती. मी आजवर तो पाला एकदाही चावला नव्हता. दादा चावताना त्याच्या गळ्याची शीर कशी उठायची ते मी जवळून पाहिलं होतं. आणि त्याहून खरं सांगायचं तर बाबांनी मला विचारलं होतं. घरातल्या मोठ्या माणसांमधला निकाल माझ्यावर सोपवला होता. त्याची मला धुंदी चढली.

"माझी शाळा चुकेल," मी म्हणाले.

"मंग?"

"नाही राहणार मी."

बाबांनी मान हलवली. "लिही. मुलीच्या हरकतीमुळे अर्ज नामंजूर."

मी लिहिलं. मुलीच्या हरकतीमुळे. अक्षर छान आलं होतं. आईने पिशवी उचलली, लुगडं काढून पुन्हा ट्रंकेत ठेवलं आणि लाडू डब्यात भरून आमच्या पुढ्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जायला निघाले तेव्हा छोट्या गाडीची शिट्टी झाली. आई अंगणात भांडी घासत होती. तिने हात थांबवला नाही.

बारा दिवसांनी तार आली.

आणि मग बाबांची काय लगबग! ताबडतोब रजा टाकली. कोणाचा अर्ज नाही, कोणाची मंजुरी नाही. आम्हा सगळ्यांना घेऊन दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघाले. भिवापूरला पोचलो तोवर आजीला नेऊन झालं होतं. बाबा मामाच्या गळ्यात पडले. तिथल्या चार माणसांत बसून म्हणाले, मायसारखी माय होती. मामा ऐकत राहिला. मामी आईला आत घेऊन बसली, मी आईच्या मागे. मामी सांगत होती, "दिसत नव्हतं ना वं त्याइले. दारात कोणी आलं का विचारे, आली का? आमी म्हणो, येऊन राहिली, निघाली म्हणते. शेवटी शेवटी तर पावलं बी वाजत नव्हती, तरी विचारे. आली का?"

आई म्हणाली, "हाव." एवढंच. ती रडली नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.

आम्ही तीन दिवस राहिलो. ते तिन्ही शाळेचे दिवस होते. ज्या एका शनिवारसाठी मी आईची आजीशी भेट घालवली, त्याच्या बदल्यात माझे तीन दिवस गेले. मला त्याचंच वाईट वाटत होतं. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून आजीसाठी नाही, हजेरीसाठी रडले. मायबाई, काय पोट्टी होते मी!

माहेरचं सुतक तीन दिवसांचं, त्यामुळे पाडवा व्हायचाच होता आणि झाला. गुढी उभी राहिली, वही निघाली. दादाचा शेरा झाला, त्याने मुकाट पाला घेतला. माझं पान आलं तेव्हा मी पाल्याच्या थाळीकडे पाहत होते. बाबा म्हणाले, "तीन दिवस सुतकाचे. त्याची सूट असते. पूर्ण लिही." मी निळ्या पेन्सिलने पूर्ण लिहिलं. त्यांनी माझ्या गळ्यात गाठी घातली.

मला वाटलं ते वही मिटतील. दादालाही तसंच वाटलं असणार, कारण तो उठून उभा राहिला. बाबांनी पान उलटलं.

"इकडे ये वं," त्यांनी आत हाक मारली.

आई आली. बाबांनी ते वाक्य स्वतः वाचलं. यंदा भिवापूरला जाऊन माझ्या आईला भेटून येईन. मग चष्मा काढून पुसला. त्यांचा चेहरा कठोर नव्हता, रागाचा नव्हता. खरोखर विचारात पडले होते, काय न्याय होईल म्हणून. तो चेहरा मला अजून सोडत नाही.

"जाऊन आली हे खरं," ते म्हणाले. "पण नुसतं जाणं नव्हतं लिहिलं. भेटून येईन लिहिलं होतं. भेट काही झाली नाही." मग माझ्याकडे वळले. "अपूर्ण."

दादा ओरडला, "बाबा!" त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी लाल पेन्सिल घेतली आणि लिहिलं.

बाबा मूठ भरायला वाकले, तेवढ्यात आईनेच थाळी उचलली. तिने मूठभर पाला तोंडात घातला आणि चावला. तोंड वाकडं केलं नाही. गिळला, आणि दुसरी मूठ भरली. मग तिसरी. "पुरे वं," बाबा म्हणाले. ती थांबेना. देठ, पानं, मोहर, जे होतं ते सगळं. तिच्या ओठांच्या कडेने हिरवं पाणी आलं होतं. "अवं पुरे म्हणून राहिलो ना!" ती बाबांकडे पाहत खात राहिली, आणि थाळी रिकामी झाल्यावर उपडी करून दाखवली. दादा हमसून रडत होता. मी गाठीचा एक खडा तोडून तोंडात टाकला होता, तो ना चघळता येत होता ना थुंकता.

"यंदाचा?" बाबांनी जरा खालच्या आवाजात विचारलं.

"माह्यं पान बंद करा," आई म्हणाली आणि पुरण वाटायला गेली.

त्यानंतर वही दोन-तीन वर्षं चालली आणि आपोआप बंद पडली. दादा मॅट्रिक होताच भिलाईला नोकरीला गेला आणि पाडव्याला कधीच घरी आला नाही. दिवाळीला यायचा, आईला लुगडं द्यायचा, बाबांशी हवापाण्याचं बोलायचा आणि जायचा. मी शिकले, सदरमधल्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. आईने मला त्या शुक्रवारबद्दल एक शब्द कधी विचारला नाही. डबा करून द्यायची, वेणी घालून द्यायची, ताप आला तर उशाशी बसायची. मला वाटायचं, विसरली. अकरा वर्षांच्या पोरीचं कोण मनावर घेतं?

बाबा रिटायर झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आईने त्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, कशात कसूर नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, सेवा करावी तर हिच्यासारखी.

त्यांची एक मोठी बहीण काटोलला होती. तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. ती पण थकली होती, तिलाही प्रवास होत नव्हता. एका पाडव्याला, गुढी लावून झाल्यावर, बाबा खाटेवरून एकेक शब्द ओढत म्हणाले, "मले... एकदा... अक्काकडे नेऊन आणा."

मी म्हणाले, "नेऊ ना बाबा. कचेरीतल्या एकांची जीप आहे, मी विचारते."

आई आत गेली. ट्रंकेची कडी वाजली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ती वही होती. लाल पाठ, डांबराच्या गोळ्यांचा वास.

"लिही," मला म्हणाली. "नवीन पान काढ. ह्याइचा संकल्प. शब्दशः लिही."

मी हसले, थट्टा समजून. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि लिहिलं. तिने वही बाबांच्या डाव्या हाताशी नेऊन अंगठा उमटवून घेतला. बाबांना कळलं होतं. त्यांचं बोलणं जड झालं होतं, अक्कल नव्हती गेली.

त्या वर्षी मी तीनदा जीप ठरवली. तिन्ही वेळा आई दारात उभी राहून म्हणाली, "सध्या अडचण. पुन्हा सादर करावा." जिला धड वाचता येत नव्हतं तिला शब्द न शब्द पाठ होता. मी भांडले, रडले, म्हणाले, तुझ्या नाकावर टिच्चून नेते. ती म्हणाली, "ने ना. मी कुठे अडवून राहिली?" आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं, तशीच, जशी त्या शुक्रवारी पाहत होती. मी जीप परत पाठवली. तिसऱ्यांदा जीप परत गेली त्यानंतर पंधरा दिवसांत अक्का गेल्याचं काटोलहून कळलं. बाबांच्या एकाच डोळ्यातून पाणी यायचं, ते आई पदराने पुसायची.

पुढच्या पाडव्याला तिने पाला तोडून आणला. दोन थाळ्या मांडल्या. बाबांना उशांना टेकवून बसवलं, तोंड पुसलं, अंगात धुवट बंडी घातली. वही माझ्यापुढे ठेवली.

"आई, जाऊ दे ना आता," मी म्हणाले. "झालं ना सगळं."

"लिही. तुहं अक्षर चांगलं आहे."

मी अपूर्ण लिहिलं. त्यांना चावता येत नव्हतं म्हणून तिने पाला आधीच वाटून ठेवला होता, गुळाशिवाय. चमच्याने तिने तो भरवला, थोडा थोडा, ठसका लागू न देता. बाबांनी तोंड फिरवलं नाही. सगळं खाल्लं. मला वाटलं, संपलं. मी वही मिटायला घेतली.

"थांब," ती म्हणाली. "तुहं राह्यलं."

तिने माझ्या हातातून वही घेतली, मागे मागे पानं उलटत गेली आणि एका पानावर बोट ठेवलं. माझं सहावीचं पान. वर्षभर एकही दिवस शाळा बुडवणार नाही. खाली निळ्या पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात, पूर्ण.

"तीन दिवस बुडाले होते," ती म्हणाली. "माह्या आईच्या मौतीले."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने थाळीतून पाला घेतला, मूठ भरून, देठासकट, आणि माझ्यापुढे धरला. मी सव्वीस वर्षांची होते, कमावती होते, नाही म्हणू शकत होते. मी पदर सावरून उभी राहिले आणि हात पुढे केला. खाटेवरून बाबा पाहत होते. आई समोर उभी राहिली, शेवटचं पान गिळेपर्यंत, आणि मग तिने मला पाणी दिलं.